आमच्यातही पाळतात

हे मी कोणालेच सांगतलं नाई. आमच्या ह्यांले नाई, पोरीले नाई. देवापुढं गुडघे टेकून सांगाले गेली तर तिथीही जीभ अडखळते, अन् मी दुसरंच काहीतरी मागून उठते — पोरीची तब्येत, पावसापाण्याचं, काहीही. आता देवाले काय माहीत नाई का? माहीतच आहे. पण त्याले माहीत असणं वेगळं अन् आपल्या तोंडानं म्हणणं वेगळं. आज तुमच्यापाशी बसली आहे तर सांगते. मधात अडखळीन, भलतीकडं जाईन, माहं मलेच माहीत आहे.

मी मूळची वरोऱ्याची. लग्न होऊन आलापल्लीले आली ते पाळकीणबाई होऊनच. आमचे हे इथच्या चर्चचे पाळक होते. मंडळी लहानशी, पंधरा-वीस घरं. माहं तोंड फाटकं, हे आख्ख्या आलापल्लीले ठाऊक. भाजीवाल्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत कोणाले सोडलं नाई मी. लोकं म्हणत, पाळकीणबाई बोलते तिखट पण हात गोड आहे तिचा. हात गोड! ऐका पुढं.

आमच्या घराचं नाव होतं पाहुणचारासाठी. हे नेहमी म्हणत, घर आपलं नाई, देवानं राह्याले दिलं आहे. अन् दाराशी आलेला परका माणूस म्हणजे प्रभूच आला असं समजायचं. नुसतं म्हणत नव्हते, तसं वागत. समोरच्या बाजूले एक लहान खोली होती, तिले सगळे पाहुण्याची खोली म्हणत. एक खाट, गादी, खिडकीले पडदा. भामरागडकडून, एटापल्लीकडून दवाखान्यात आलेले लोकं, बस चुकलेले लोकं, सगळे तिथी झोपून गेले. बसस्टँडवरचा पानठेलेवाला तर कोणालेही बोट दाखवे — पाळकाच्या घरी जा, ते नाई म्हणत नाई. अन् मी रविवारी लहान लेकरायले हेच शिकवत होती. फळ्यावर दार काढून दाखवत होती, उघडं दार, त्यात कंदील. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा — अजून काय म्हणू?

त्या वर्षी नाताळाच्या आधी आमच्याकडं संजीवन सभा ठरली, लोकायचा विश्वास नव्यानं जागवाची मोठी सभा. नागपूरचे मोठे प्रचारक येणार होते, सोबत त्यांच्या बाई. या बाई आधी एकदा आल्या होत्या. तेव्हा त्यांनी खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं अन् बोटाकडं पाह्यलं. नुसतं पाह्यलं. ते माह्या इतकं जिव्हारी लागलं का काय सांगू! म्हणून या वेळेस मी कंबर कसली. खोलीले चुना मारला, गादीले ऊन दाखवलं, चादरी नीळ घालून धुतल्या, नवीन ब्लँकेट आणलं — गुलाबी, मोठ्या फुलायचं. दिवसभर राबून खोली अशी केली होती का मलेच आत पाय ठेवाले नको वाटे. पाहुणे दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते. हे लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारी. त्या रात्री खोली रिकामी होती.

संध्याकाळी दिवेलागणीले ती आली. आमचे हे मंडपाच्या कामानं अहेरीले गेले होते, पोरगी चंद्रपूरले होस्टेलात. घरात मी एकटी. दार वाजलं नाई, अंगणातून नुसती खोकल्याची ढास ऐकू आली. बाहेर येऊन पाह्यलं तर एक माडिया बाई उभी. वीस-बावीसची असंल. अंगावर पातळ लुगडं, पाय अनवाणी, अन् छातीशी लेकरू बांधलेलं. खोकत होतं ते लेकरू. नाव तिनं जैनी सांगतलं. गाव सांगतलं ते भामरागडच्या पल्याडचं, मले नीट समजलं नाई. नवरा तेलंगणात मिरच्या तोडाले गेला होता. लेकराले ताप होता, इथच्या दवाखान्यात तिनं दाखवलं, औषध भेटलं, अन् सकाळच्या पहिल्या गाडीनं गडचिरोलीले मोठ्या दवाखान्यात ने म्हणून सांगतलं होतं. अन् सिस्टरनं तिले बजावलं होतं का रातभर लेकराले थंडी लागू देऊ नको. हे तिनं मले आल्या आल्या सांगतलं. तुटक्या मराठीत, पण सांगतलं. म्हणजे मले माहीत नव्हतं असं म्हणाची सोय नाई.

आलापल्लीची डिसेंबरातली थंडी तुम्ही पाह्यली आहे का? चहूकडं सागाचं जंगल. संध्याकाळपासून दव टपकते. घरात बसून दात वाजतात.

मी म्हटलं, ये, वर ये. हो, म्हटलं मी ते. सवयीनं निघालं तोंडातून. तिनं पायरीवर एक पाय ठेवला अन् थांबली. खाली पाहून हळूच म्हणाली, "बाई, मी कुरम्यात हाव."

तुम्हाले सांगाले पायजे. माडिया लोकायमधे बाईले पाळी आली का ती घरात राह्यत नाई. गावाच्या कडेले कुरमा घर म्हणून एक लहान झोपडी राह्यते, तितके दिवस तिथी राहाचं. कशाले हात लावाचा नाई, कोणाच्या घराले विटाळ होऊ द्यायचा नाई. तो त्यांचा रिवाज, त्यांच्या देवाचा. जैनीले वाटेतच आली होती पाळी. दुसरी कोणी असती तर बोलली नसती, गुपचूप आत शिरली असती, अन् कोणाले कळलं असतं? पण आपल्यानं दुसऱ्याचं घर बाटू नये म्हणून तिनं आधी सांगतलं.

अन् मंग तिनं विचारलं. इथी येऊनच मी नेहमी थांबते. मनातल्या मनात सुद्धा इथी आली का उठून पाणी प्याले जाते, काहीतरी आवरत बसते. आज नाई उठत.

तिनं विचारलं, "मिशनवाल्यायमधे पाळत नाई म्हणते. तुमच्यात चालते का, बाई? लेकरू हाय म्हून."

समजलं का तुम्हाले? ती आत यायले तयार होती. जन्मभर पाळलेला रिवाज ती त्या पायरीवर लेकरासाठी सोडाले निघाली होती. तिले काय लागलं असंल तेवढं बोलाले! फक्त माह्या एका "हो"ची वाट पाहून राह्यली होती. अन् "हो" हेच खरं उत्तर होतं. आमच्यात कुठी काय पाळतात? माहं सगळं आयुष्य गेलं त्या दिवसायमधे स्वयंपाक करण्यात, चर्चमधे झाडू मारण्यात.

मी तिच्याकडं पाह्यलं. लेकराचं वाहतं नाक पाह्यलं. तिच्या लुगड्याले धुराचा वास होता. अन् माह्या डोळ्यापुढं ते गुलाबी फुलायचं ब्लँकेट आलं, निळीतल्या चादरी आल्या — अन् आता सांगतेच, चादरीवर डाग आला. न पडलेला डाग दिसला मले. अन् त्या डागाकडं पाह्यणाऱ्या नागपूरच्या बाई दिसल्या.

मी म्हटलं, "नाई, बाई. आमच्यातही पाळतात."

जीभ कशी झडली नाई माही?

दुसरं काहीही म्हणता आलं असतं. पाहुणे येणार आहे, जागा नाई, असं तोंडावर म्हटलं असतं तर ती दुसरं दार पाहाले गेली असती. पण मले "नाई" म्हणाचं नव्हतं ना! पाळकाच्या घरून नाई म्हटलं असं कोणी म्हणाले नको होतं. म्हणून तिचाच रिवाज उचलला अन् तिच्याच पुढं कडी म्हणून लावला. अन् मी कोण हो हे करणारी? माह्या बापाच्या आईले विहिरीवर चढू देत नव्हते, वरून पाणी ओतत ओंजळीत. ती सांगे तेव्हा मी लहानपणी रागानं लाल होत होती. म्हणूनच तर आमचं घराणं येशूच्या पायाशी आलं. अन् त्याच घराण्यातली मी.

जैनीले वाईट वाटलं नाई, हे सगळ्यात वाईट. तिनं झटकन पाय मागं घेतला, जशी तिचीच चूक होऊन राह्यली होती. मान हलवली. तिच्या तोंडावर आदरच दिसला मले, आपल्यासारखेच लोकं आहे असा. मंग मी तिले मागच्या अंगणात नेलं. तिथी लाकडं ठेवाचं छप्पर होतं, एका बाजूले भिंत, बाकी उघडं. मी खाली पोतं टाकलं. जुनी गोधडी दिली. गरम भात दिला, वरण दिलं, घमेल्यात निखारे नेऊन दिले. दोनदा जाऊन विचारलं, काही पायजे का. हे सगळं खरं आहे. पुढं लोकायले सांगताना मी यातलं काहीच वाढवून सांगतलं नाई, तशी गरजच पडली नाई.

आमचे हे आले. अंगणात बाई पाहून म्हणाले, ही बाहेर काऊन? मी म्हटलं, तिची पाळी आहे, आत येत नाई म्हणते. हे मागं गेले, लांबून म्हणाले, बहिणी, आत ये, आमच्या घरात तसलं काही नाई. पण मी आधीच सांगून बसली होती ना का आमच्यात पाळतात! घरची बाई पाळते म्हणते, अन् घरचा माणूस ये म्हणते, तर ती कोणाचं ऐकणार? तिनं पदर ओढून भिंतीकडं तोंड केलं. ह्यांले वाटलं, ऐकत नाई. परत आले अन् जेवताना घास तसाच ठेवून म्हणाले, बिचारी. मी त्यांच्या ताटात वरण वाढत होती. तेव्हा म्हणता आलं असतं. एक वाक्य होतं. मी म्हटलं, भात घ्या थोडा.

मी माह्या खाटेवर झोपली. झोप लागली मले. तुम्हाले वाटत असंल, तळमळत राह्यली असंन. नाई. दिवसभर चुना मारून थकली होती, लागली झोप.

सकाळी चहा घेऊन गेली तर निखारे राख झाले होते. गोधडी वरून ओली होती. जैनी लेकराले पोटाशी घेऊन तशीच बसली होती, भिंतीले टेकून. लेकराच्या फासोळ्या आत-बाहेर होत होत्या, अन् खोकला बंद झाला होता. मले वाटलं, बरं आहे वाटते. आमचे हे तिले गाडीपर्यंत सोडाले गेले, तिकिटाचे पैसे दिले. जाताना तिनं मले लांबूनच हात जोडले.

आष्टीच्या पुढं गाडीतच गेलं लेकरू. ती तिथीच उतरली अन् उलट्या दिशेच्या गाडीत बसली. संध्याकाळी कंडक्टरनं ह्यांले सांगतलं. आमच्याकडं तेव्हा पाहुणे जेवाले बसले होते. खोली त्यांले फार आवडली होती, बाई म्हणाल्या, ब्लँकेट काय मऊ आहे हो.

वाचलं असतं का? कोणाले माहीत. मी पुढं एका डॉक्टरले दुसऱ्याच कोणाची गोष्ट म्हणून विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाई. ते ऐकून मले बरं वाटलं, अन् बरं वाटलं म्हणून घरी येऊन रडली.

पण माहं पाप तिथी थांबलं असतं तरी चाललं असतं. नाई थांबलं. सभेच्या शेवटच्या दिवशी आमचे हे बोलाले उभे राह्यले. म्हणाले, आमच्या घरी एक माडिया बहीण आली, माह्या बायकोनं तिले आत बोलावलं, मी बोलावलं, ऊब होती, खाट होती, पण अंधारानं तिले असं बांधलं होतं का ती उंबरा चढली नाई, अन् लेकरू गेलं. आख्खा मंडप हळहळला. खोटं बोलत नव्हते ते. त्यांनी जे पाह्यलं तेच सांगत होते. बायका माह्याकडं वळून पाहत होत्या. एकीनं माहा हात धरला. कोणी म्हणालं, या लोकायचं असंच आहे, अंधश्रद्धेनं लेकराचा जीव घेतला. अन् मी मान हलवली.

मान हलवली मी! ज्या बाईनं लेकरासाठी रिवाज सोडाची तयारी केली, तिच्या माथ्यावर लेकराचं मरण ठेवलं, अन् वर तिच्या सगळ्या लोकायच्या माथ्यावर. माडिया कसे, तर हे असे. मंग ती साक्ष झाली, सभेत उभं राहून सांगाची गोष्ट. इथी सांगतली, धानोऱ्याले सांगतली. नागपूरच्या बाईंनी तिकडं नेली.

उन्हाळ्यात जैनी परत आली.

मी अंगणात वाळवण घालत होती. तिनं पानाच्या पुड्यात चारोळी आणली होती, माह्यासाठी. बाजाराले आली होती म्हणे. म्हणाली, त्या दिवशी तुम्ही गरम भात देल्ला, शेकाले इस्तो देल्ला. अन् म्हणाली, तुम्ही आमच्यासारखं पाळलं, मले बेस वाटलं. मी हाताले धरून वर घेतलं तिले, पाहुण्याच्या खोलीतच नेलं. आता नेलं!

खाटेवर माही पोरगी पडली होती, सुट्टीत घरी आलेली, पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून. जैनीनं विचारलं, बिमार हाय का? पोट्टी हसली, म्हणाली, नाई मावशी, पाळी आली, दुसरं काय. अन् तिच्यासाठी चहा ठेवाले म्हणून उठली ते थेट स्वयंपाकघरात गेली. चुलीपाशी. आतून भांड्यायचा आवाज येऊ लागला.

जैनी त्या दाराकडं पाहत राह्यली. मंग खाटेकडं पाह्यलं, चादरीकडं. मंग माह्याकडं. रागानं नाई. हिशेब जुळत नसला का माणूस पाह्यते ना, तसं.

"बाई, मंग त्या दिवशी?"

एवढंच विचारलं तिनं. देवानं दुसऱ्यांदा दार उघडून दिलं होतं मले, यापेक्षा जास्त काय करन तो? अन् मी काय म्हटलं असंल?

म्हटलं, "तेव्हा सासूबाई होत्या घरात. त्या पाळत."

माही सासू माह्या लग्नाच्या आधीच गेली होती. फोटोतच पाह्यलं मी तिले.

जैनीनं मान हलवली, सरकून जवळ आली अन् माह्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, "बुढी असली का पाळाच लागते. तुमचा दोस नाई, बाई." माही समजूत काढत होती ती. माही! तिनं खरंच विश्वास ठेवला, का मले वाचवलं, ते मले अजूनही कळलं नाई. चहा प्याली अन् गेली. दोनदा माह्या घरी आली ती, अन् दोनदाही मी लेकराचं नाव विचारलं नाई.

त्याच्या पुढच्या रविवारी बायकांची प्रार्थनासभा होती. बाहेरगावच्या बाया आल्या होत्या. त्यांनी म्हटलं, पाळकीणबाई, ती साक्ष तुमच्या तोंडून ऐकू द्या. मी उभी राह्यली. म्हटलं, मी तिले आत बोलावलं होतं, तीच आली नाई. बाया रडल्या. मी पण रडली. अन् त्यानंतरही सांगत राह्यली, जिथी जिथी विचारलं तिथी तिथी. आमचे हे गेले, त्यांच्या दफनाच्या वेळी कोणीतरी तीच गोष्ट सांगतली, तेव्हाही मी खाली मान घालून ऐकून घेतली.

ते खोटं आहे. बाईचं नाव जैनी. ती आत यायले तयार होती. तिनं विचारलं, अन् मी नाई म्हटलं.